छत्री नसलेले ग्रह: सौरवारा, मंगळ आणि शुक्र (प्रकल्प नोंदी)

2 जून 2025

काम ठरले. ज्या ग्रहाला स्वतःचे जागतिक चुंबकीय क्षेत्र नाही, त्याच्या वातावरणाला सौरवारा (सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह) नेमका कसा भिडतो हे खऱ्या मोजमापांवरून दाखवायचे. मोजके आलेख आणि सोबत मजकूर. मुख्य भर मंगळावर, कारण मंगळाच्या कक्षेतल्या नासाच्या मेव्हन यानाची मोजमापे कोणालाही उतरवून घेता येतात. तुलनेला शुक्र. चित्रे सहकारी काढणार, आकडेमोड आणि मजकूर माझ्याकडे.

तिचे पहिले कच्चे चित्र लगेच आले. पृथ्वीवर चुंबकीय क्षेत्राची छत्री, तिच्याखाली निळे वातावरण सुखरूप. शेजारी छत्री हरवलेला, वाऱ्याने सोलून काढलेला मंगळ. चित्र देखणे आहे, एका नजरेत कळते. मला मात्र शुक्र खटकतो. छत्री त्याच्याकडेही नाही, मंगळाच्या निम्म्याहून कमी अंतरावर तो सूर्याभोवती फिरतो, आणि तरी पृष्ठभागावर पृथ्वीच्या सुमारे 92 पट वायुदाब बाळगून आहे. चित्राखाली "मग शुक्राचे काय?" एवढेच लिहून परत पाठवले.

5 जून

आधी वाऱ्याचे आकडे. सूर्याच्या प्रभामंडळातून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनांचा प्रवाह अखंड बाहेर वाहत असला पाहिजे, हे युजीन पार्कर यांनी 1958 मध्ये गणिताने मांडले. 1962 मध्ये शुक्राकडे जाताना मरीनर-2 ने तो वाटभर मोजला. मंगळाजवळ त्याचा वेग साधारण सेकंदाला 400 किलोमीटर, घनता घनसेंटिमीटरमागे दोन-तीन प्रोटॉन आणि सोबत वाहून आणलेले चुंबकीय क्षेत्र सुमारे 3 नॅनोटेस्ला. पृथ्वीपाशी घनता आणि क्षेत्र दोन्ही याच्या जवळपास दुप्पट.

वेग अफाट, पण दाब? घनता 2 धरून गुणाकार केला तर अर्धा नॅनोपास्कल येतो. मंगळाच्या पृष्ठभागावरचा वायुदाब सुमारे 600 पास्कल, म्हणजे याच्या लाख कोटी पट. तेव्हा "वारा वातावरण ढकलून नेतो" हे वाक्य मजकुरात कुठेही येणार नाही. अणूंना ढकलण्याइतका जोर त्यात नाहीच. जे काही होते ते विद्युत आणि चुंबकीय बळांतून, आणि तेही फक्त विद्युतभारित कणांवर. उदासीन अणू या वाऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. त्याचा आधी आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला भारित अणू, व्हावा लागतो.

हाच दाब चुंबकीय क्षेत्राने पेलायचा तर किती क्षेत्र लागेल, तेही काढले: साधारण 36 नॅनोटेस्ला. हा आकडा पुढे सारखा लागणार आहे.

9 जून

फायली वाचायला लागल्या. तीन उपकरणे घेतली: चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर, सौरवाऱ्याचे आयन मोजणारे स्विया, आणि आयनांचे वस्तुमान ओळखणारे स्टॅटिक. 2015 चा काळ निवडला, कारण तेव्हा यानाची कक्षा साडेचार तासांची होती: खाली सुमारे 150 किलोमीटरपर्यंत, वर 6,200 पर्यंत. एकाच फेरीत शुद्ध सौरवाराही भेटतो आणि वातावरणाचा वरचा थरही.

13 जून

एक फेरी घेऊन तिचा आलेख ओळीने वाचला. असा आलेख सांगणाऱ्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून इथे सविस्तर.

सुरुवातीला यान बाहेर आहे. क्षेत्र 3 नॅनोटेस्लाच्या आसपास, प्रोटॉनांची ऊर्जा एका अरुंद पट्टीत, सगळे शांत. मग काही सेकंदांत क्षेत्र तिपटीने उसळते, अरुंद पट्टी फुगून रुंद होते, वेग पडतो. हा बो शॉक. स्वनातीत वेगाने येणाऱ्या वाऱ्याला अडथळ्याची पहिली जाणीव इथे होते. त्याच्या आत खळबळीचा पट्टा: प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा वायू, तापलेला, क्षेत्राची रेघ वेडीवाकडी. आणखी आत गेल्यावर क्षेत्र साठत साठत तीस-चाळीस नॅनोटेस्लापर्यंत चढते, सौरवाऱ्याचे प्रोटॉन विरतात आणि स्टॅटिकच्या आलेखात जड आयन उगवतात: ऑक्सिजन, ऑक्सिजनचे रेणू, कार्बन डायऑक्साइड. मंगळाचे स्वतःचे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा आयनांनी भरलेला वरचा थर, आले.

तीस-चाळीस! पाच तारखेच्या 36 च्या अगदी आसपास. असे व्हायलाच हवे, कारण दाबाचा हिशेब तिथे जुळतो. पण हे क्षेत्र मंगळाचे नाही, ते सूर्याकडूनच आलेले आहे. आयनांबर विद्युतवाहक असल्याने वाऱ्यासोबत आलेल्या क्षेत्ररेषा त्यातून चटकन आरपार जाऊ शकत नाहीत. त्या समोर साचतात, दोन्ही बाजूंनी ग्रहाला वळसा घालतात आणि मागे लांब शेपूट काढतात. हानेस आल्फवेन यांनी 1957 मध्ये धूमकेतूंच्या शेपट्यांसाठी हीच कल्पना मांडली होती. ग्रहाकडे स्वतःचे क्षेत्र नसले तरी वारा स्वतःच आणलेल्या क्षेत्राने स्वतःला अडवतो. छत्रीच्या चित्राला हा पहिला तडा.

मार्स ग्लोबल सर्व्हेयर या जुन्या यानाच्या मोजमापांवरून 2000 मध्ये बसवलेले वक्र माझ्या आलेखावर टाकले. सूर्यासमोरच्या बिंदूला बो शॉक केंद्रापासून 1.64 मंगळत्रिज्यांवर, साठलेल्या क्षेत्राची सीमा 1.29 वर. म्हणजे पृष्ठभागापासून अनुक्रमे सुमारे 2,200 आणि 1,000 किलोमीटर. पृथ्वीचे क्षेत्र वाऱ्याला जिथे थोपवते ती चुंबकसीमा सूर्याच्या दिशेला साधारण दहा पृथ्वीत्रिज्यांवर, साठ हजार किलोमीटरच्याही पलीकडे असते. मंगळावर अडथळा आणि वातावरण यांत अंतर असे उरतच नाही. वातावरण हाच अडथळा.

16 जून

बो शॉकच्या बाहेरच्या "शांत" भागात क्षेत्राची रेघ अधूनमधून नियमित लहरते. आवर्तन साधारण 22 सेकंदांचे. 3 नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात प्रोटॉनाला एक घिरकी पूर्ण करायला बरोबर इतकाच वेळ लागतो. मंगळाचा हायड्रोजन इतका दूरवर पसरलेला आहे की तो बो शॉकच्याही बाहेर सापडतो. तिथे त्याचा आयन झाला की वाऱ्याचे क्षेत्र त्याला उचलते आणि त्या खटपटीत या लहरी उठतात. म्हणजे "बाहेर" म्हणून जिथे रेघ ओढली, तिथेही मंगळाचे वातावरण आधीच हजर आहे. सगळ्या आलेखांत मला हा सर्वांत आवडला. पण सामान्य वाचकासाठी तो ठेवायचा की नाही यावर आमचे एकमत नाही. तिचे म्हणणे, "लहरी दाखवल्यास तर लोक त्याच बघत बसतील." बसू देत की.

20 जून

आज उचलल्या जाणाऱ्या ऑक्सिजन आयनांचा हिशेब. प्रकल्पातला कळीचा भाग हाच.

वारा चुंबकीय क्षेत्र घेऊन वाहतो. त्यामुळे स्थिर उभ्या असलेल्या कणाच्या दृष्टीने तिथे विद्युतक्षेत्रही असते, वाऱ्याच्या दिशेला आणि चुंबकीय क्षेत्राला, दोन्हींना काटकोनात. वरच्या विरळ थरातला ऑक्सिजन अणू तीन वाटांनी आयन होतो: अतिनील किरणाने इलेक्ट्रॉन उडतो, वेगवान इलेक्ट्रॉनाची धडक बसते, किंवा एखादा प्रोटॉन त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः उदासीन होतो. त्या क्षणापासून हे विद्युतक्षेत्र त्याला ओढू लागते.

घिरकीची त्रिज्या काढली. वेग 400 किलोमीटर, क्षेत्र 3 नॅनोटेस्ला, वस्तुमान प्रोटॉनाच्या 16 पट: उत्तर सुमारे 22,000 किलोमीटर. मंगळाची स्वतःची त्रिज्या 3,390! पूर्ण घिरकी घ्यायला या आयनाला ग्रहाच्या सहापटीहून मोठी जागा हवी. म्हणून तो वाऱ्यासोबत गुमान मागे वाहत जात नाही. एका बाजूला आधी सरळ वर फेकला जातो, मग वळतो. दुसऱ्या बाजूचे आयन त्याच विद्युतक्षेत्राने खाली, ग्रहाकडे ढकलले जातात. मेव्हनच्या आयनांच्या नकाशात विद्युतक्षेत्राच्या बाजूला झेपावणारा हा झोत स्पष्ट दिसतो, आणि शेपटीतून होणाऱ्या गळतीच्या जोडीने तोही मोजावा लागतो.

ऊर्जेचे बघू. क्षेत्र वाऱ्याला काटकोनात असेल तर आयनाचा कमाल वेग वाऱ्याच्या दुप्पट होऊ शकतो. 400 च्या वाऱ्यात प्रोटॉनाची ऊर्जा 0.8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वर, तर ऑक्सिजनाची त्याच्या 64 पट, म्हणजे पन्नासहून अधिक. क्षेत्र तिरके असताना कमी मिळते आणि मंगळापाशी ते बहुधा तिरकेच असते. तरी सुटायला लागते त्यापेक्षा ही ऊर्जा हजारो पटींनी जास्त.

याचा एक व्यावहारिक परिणाम म्हणजे प्लाझ्माला सलग द्रव मानणारी प्रतिमाने इथे अपुरी पडतात. आयन एकेक कण म्हणून आणि इलेक्ट्रॉन द्रव म्हणून धरणारी मिश्र प्रतिमाने वापरावी लागतात.

24 जून

निर्देशांक फिरवले. आतापर्यंत अक्ष सूर्य आणि कक्षेप्रमाणे होते. आता दुसरा अक्ष विद्युतक्षेत्राच्या दिशेने. फिरवण्याआधी विखुरलेले ठिपके, फिरवल्यावर एका बाजूला झुकलेला झोत.

1 जुलै

मंगळ पूर्ण निःशस्त्र नाही. 1997 मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर पोचले आणि कवचात गोठून राहिलेले जुने चुंबकत्व सापडले. सर्वांत तीव्र पट्टे दक्षिण गोलार्धात, टेरा सिरेनम आणि टेरा सिमेरिया भागात. 400 किलोमीटर उंचीवरही तिथे 200 नॅनोटेस्लाच्या आसपास क्षेत्र भरते. लागते 36. म्हणजे त्या भागावर सीमा ठळकपणे वर सरकणार, आणि आलेखात ती सरकलेली दिसते.

गंमत अशी की हे पट्टे ग्रहासोबत फिरतात. सुमारे 24 तास 40 मिनिटांत एकदा ते सूर्यासमोर येतात आणि एकदा रात्रीच्या शेपटीत शिरतात. त्यामुळे मंगळाच्या सीमेचा एकच ठरलेला आकार काढणे म्हणजे सरासरी काढणे, आणि सरासरीसारखा मंगळ कोणत्याही क्षणी नसतो. शिवाय हे पट्टे केवळ अडवत नाहीत. वाऱ्याच्या क्षेत्ररेषा त्यांच्या रेषांना जोडल्या गेल्या की खालच्या आयनांना बाहेर जायला उघडी वाटही मिळते.

4 जुलै

छोटी पण भन्नाट गोष्ट. फेरीच्या तळाशी, दीड-दोनशे किलोमीटरवर, स्वियाला प्रोटॉनांची एक क्षीण पट्टी दिसते, आणि तिची ऊर्जा बाहेरच्या सौरवाऱ्याइतकीच! सगळ्या सीमा ओलांडून ते तिथे पोचतात कसे? वर हायड्रोजनाच्या आवरणात काही प्रोटॉन इलेक्ट्रॉन उचलतात, उदासीन होतात आणि त्याच वेगाने सरळ आत शिरतात. बो शॉक आणि साठलेले क्षेत्र त्यांना अडवू शकत नाही. खाली दाट वातावरणात इलेक्ट्रॉन पुन्हा निघतो आणि प्रोटॉन परत प्रोटॉन होतो. यान वाऱ्यात नसतानाही वाऱ्याचा वेग मोजायची ही सोय झाली. याच उदासीन हायड्रोजनामुळे मंगळाच्या दिवसाच्या बाजूला प्रोटॉनांचा ध्रुवीय प्रकाश दिसतो. त्याचा शोध 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

8 जुलै

जमाखर्च मांडायला घेतला. इथून छत्रीची गोष्ट आणखी अवघड होते.

मंगळावरून ऑक्सिजन जाण्याची आजची सर्वांत मोठी वाट सौरवाऱ्याची नाहीच. ती रासायनिक आहे. आयनांबरात ऑक्सिजन रेणूच्या आयनाला इलेक्ट्रॉन भेटतो आणि रेणू फुटून दोन अणू विरुद्ध दिशांना उडतात. फुटण्याच्या प्रकाराप्रमाणे प्रत्येक अणूच्या वाट्याला साडेतीन, अडीच, दीड किंवा अर्ध्याहूनही कमी इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. मंगळाच्या वातावरणाच्या माथ्यावरून ऑक्सिजन अणू सुटायला साधारण 2 इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. पहिल्या दोन प्रकारांत अणू वरच्या दिशेला निघाला आणि धडकला नाही तर गेला. सौरवाऱ्याचा इथे हात नाही. सूर्याचा अतिनील प्रकाश आयन तयार करतो तेवढेच. चुंबकीय क्षेत्र असते तरी या उदासीन अणूला त्याने अडवले नसते.

आता हेच शुक्रावर. तिथेही तीच रासायनिक क्रिया, तेवढीच ऊर्जा. पण शुक्रावरून सुटायला साडेआठ ते नऊ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. साडेतीनवाला अणू वर उडतो आणि परत पडतो. वाट बंद. दोन्ही ग्रहांवर रसायन एकच, फरक फक्त गुरुत्वाकर्षणाचा.

2 जूनच्या माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे.

9 जुलै

उरलेले निम्मे. शुक्रावर ऑक्सिजनाला आयन होऊनच जावे लागते, आणि तिथे विद्युत बळे कामी येतात. इलेक्ट्रॉन हलके असल्याने ते आयनांबरातून वर निसटू पाहतात, जड आयन मागे राहतात, आणि त्यांच्यातल्या ओढीतून एक विद्युतक्षेत्र उभे राहते. शुक्राभोवती फिरलेल्या व्हीनस एक्सप्रेस यानाच्या मोजमापांवरून शुक्रावरचे हे विभवांतर सुमारे 10 व्होल्ट असल्याचे 2016 मध्ये मांडले गेले. पृथ्वीवरचे तेच मूल्य 2022 मध्ये एन्ड्युरन्स अग्निबाणाने मोजले: 0.55 व्होल्ट. एकपट भार असलेल्या आयनाला 10 व्होल्टमधून 10 इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात, आणि शुक्राला हवेत नऊ! जेमतेम, पण पुरेसे.

शिवाय व्हीनस एक्सप्रेसला शेपटीतून जाणाऱ्या हायड्रोजन आणि ऑक्सिजन आयनांचे प्रमाण दोनास एकच्या जवळ दिसले. पाण्याचे प्रमाण. शुक्राच्या हवेत ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनाचे) साध्या हायड्रोजनाशी प्रमाण पृथ्वीच्या सुमारे दीडशेपट आहे, त्याच्याशी हे सुसंगत: हलका हायड्रोजन जात राहिला, जड मागे साठला. कार्बन डायऑक्साइडचा डोंगर मात्र जागचा हलला नाही. ग्रहाने वातावरण "गमावले की राखले" असे विचारण्यापेक्षा कोणता घटक कोणत्या वाटेने गेला हे विचारायला हवे.

15 जुलै

अरगॉन. हा वायू कशाशी रासायनिक संयोग करत नाही आणि नुसत्या उष्णतेने सुटण्याइतका हलकाही नाही. तो जायचा तर आदळून. 20 जूनच्या नोंदीत ग्रहाकडे ढकललेले ऑक्सिजन आयन आले होते. ते वातावरणाच्या माथ्यावर आपटतात आणि तिथले अणू धक्क्याने बाहेर उडवतात. उदासीन अणूंना सौरवारा हात लावतो तो असा, आडवळणाने.

हलका अरगॉन-36 जास्त गेला, जड अरगॉन-38 मागे उरला. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीने तिथल्या हवेत त्यांचे गुणोत्तर 4.2 मोजले, पृथ्वीवर ते 5.3 आहे. मेव्हनने उंचीनुसार हे प्रमाण कसे बदलते ते पाहिले आणि त्यावरून 2017 मध्ये निष्कर्ष आला की मंगळाचा सुमारे दोन तृतीयांश अरगॉन अवकाशात गेला आहे. भारताच्या मंगळयानावरच्या मेन्का उपकरणालाही बाह्यावरणात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत वरच्या विरळ थरात, अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जेचा अरगॉन सापडला होता. आणि गेल्याच मे महिन्यात मेव्हनच्या चमूने आदळून उडालेला अरगॉन थेट टिपल्याचे प्रसिद्ध केले: उंचावरचा अरगॉन सौरवाऱ्याच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेनुसार बदलताना दिसला. इतकी वर्षे उरलेल्या खुणांवरून ओळखली जाणारी प्रक्रिया आता चालू असताना सापडली. मजकुरात याला स्वतंत्र परिच्छेद.

22 जुलै

छत्रीवर अखेर सविस्तर बोलणे झाले. तिचा मुद्दा रास्त होता: "तू सगळे नाकारत चाललास, मग काढू काय?" तेव्हा पृथ्वीचा हिशेब समोर ठेवला. पृथ्वीच्या ध्रुवीय भागांतून सेकंदाला साधारण 1 वर 25 ते 26 शून्ये इतके ऑक्सिजन आयन बाहेर पडतात. मंगळ आणि शुक्रावरचे आयनांचे दर याच्या बरोबरीचे किंवा कमीच आहेत. मोठे चुंबकावरण, म्हणजे ग्रहाच्या क्षेत्राने व्यापलेला भाग, वाऱ्याला दूर थोपवते हे खरे, पण त्याचा आडवा विस्तार प्रचंड असल्याने ते वाऱ्याची ऊर्जाही जास्त गोळा करते आणि क्षेत्ररेषांवरून ध्रुवांकडे पोचवते. बाहेर पडलेल्यातले काही आयन चुंबकावरणात फिरून परत येतात, त्यामुळे निव्वळ तोटा किती यावर मतभेद आहेत. 2018 मध्ये तर आंतरिक क्षेत्र ग्रहाला वातावरणाच्या गळतीपासून वाचवत नाही, असे ठामपणे मांडणारा शोधनिबंध आला. मी इतका ठाम नाही. दुर्बळ क्षेत्र, मध्यम क्षेत्र, तरुण सूर्य, शांत सूर्य, प्रत्येक जोडीला उत्तर वेगळे असू शकते. पण "क्षेत्र गेले म्हणून वातावरण गेले" हे सरळ वाक्य मी सही करून देणार नाही.

ठरले: तिन्ही ग्रह शेजारी, प्रत्येकाच्या सीमा प्रमाणात, आणि घटकागणिक बाहेर जाणारे बाण. छत्री रद्द.

30 जुलै

काळाचा प्रश्न. 2015 मध्ये मेव्हनच्या चमूने सौरवाऱ्यामुळे मंगळावरून सेकंदाला सुमारे 100 ग्रॅम वायू जातो असे जाहीर केले. सगळ्या वाटा धरून पुढे आलेला अंदाज 2 ते 3 किलोग्रॅमचा. आजच्या वातावरणाचे वस्तुमान 25 लाख कोटी टन धरून भागाकार केला: 100 ग्रॅमच्या दराने ते संपायला आठ अब्ज वर्षे लागतील. सूर्यमालेचे वय साडेचार! सौरवाऱ्याच्या आजच्या दराने प्राचीन नद्यांचा मंगळ आजचा मंगळ होत नाही. तरुण सूर्याचा अतिनील मारा खूप तीव्र होता आणि वादळेही जास्त, म्हणून दर तेव्हा मोठे असणार.

त्या वादळांची छोटी आवृत्ती डेटात आहेच: 8 मार्च 2015. सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा लोंढा मंगळावर आदळला, सीमा खाली दाबल्या गेल्या, आयनांचा झोत बळावला. दोन आलेख एकाखाली एक ठेवले, शांत दिवस आणि तो दिवस. भाष्याची गरज नाही.

4 ऑगस्ट

उलटा प्रयोगही निसर्गाने करून ठेवला आहे. 26 डिसेंबर 2022 रोजी सौरवाऱ्याच्या वेगवान प्रवाहाने पुढचा संथ प्रवाह ढकलून नेला आणि मागे जवळजवळ पोकळी उरली. मंगळाजवळची घनता सुमारे शंभर पटींनी घसरली. पृथ्वीपाशी 11 मे 1999 रोजी असेच घडले होते.

घनता शंभर पट कमी आणि वेग तोच धरला, तर लागणारे क्षेत्र 36 वरून 3.6 नॅनोटेस्लावर येते. एवढे तर कवचातले दुबळे पट्टेही बऱ्याच उंचीपर्यंत पुरवतात. म्हणजे त्या एक-दोन दिवसांत मंगळ स्वतःच्या क्षेत्रावर उभा राहिला असला पाहिजे, आणि मोजमापे तेच सांगतात: चुंबकावरण आणि आयनांबर हजारो किलोमीटर फुगले. यानाची कक्षा तोवर आखूड झाली होती. त्यामुळे बो शॉक यानाच्या बाहेर निघून गेला आणि नेहमी वाऱ्यात असणारा फेरीचा भागही आतच राहिला.

हा आलेख मालिकेत शेवटी. मॅग्नेटोमीटर आणि स्वियाच्या 24 ते 29 डिसेंबरच्या फायली उतरवून ठेवल्या आहेत. अक्ष 8 मार्चच्या आलेखासारखेच ठेवायचे, म्हणजे दोन्ही टोके एकाच मापात दिसतील. घनतेचा अक्ष लॉगरिदमी. 16 जूनच्या 22 सेकंदांच्या लहरी शेवटी राहिल्या, तिनेच त्यांना जागा काढून दिली.